दोन मिनिटांचा तआरुफ

परिषदेच्या आयोजकांनी आम्हा दोघी बहिणींना बोलावलं, त्यामागे साधा हिशेब होता. आमच्यातली थोरली महाविद्यालयात मराठी शिकवते, धाकटी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. एकीला बोलता येतं, दुसरीला विषय कळतो. दोघी मिळून एक बऱ्यापैकी निवेदक होईल, असं त्यांना वाटलं असावं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यातले सॉफ्टवेअरवाले, फाउंड्रीवाले, यंत्रमागवाले आणि इंजिनिअरिंगची मुलं-मुली वर्षातून एकदा एकत्र येतात. दिवसभर भाषणं, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा, आणि एकमेकांची कार्डं खिशात घालून घरी. यंदा नऊ वक्ते होते. "तुम्ही भाषण करायचं नाही. फक्त वक्त्यांची ओळख करून द्यायची, प्रत्येकी दोन मिनिटं," असं आम्हाला बजावण्यात आलं.

दोन मिनिटांत काय सांगणार, अशी कुरकुर आम्ही घरी केली. अम्मी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "निकाहात काझीसाहेब वकिलाचं आणि दोन गवाहांचं नाव घेतात. त्याला कुठं दोन मिनिटं लागतात? तरी सगळा निकाह त्यांच्यावरच उभा असतो." अम्मी असं काहीतरी बोलते आणि परत भाजीकडे वळते. आम्ही मात्र पुढचे पंधरा दिवस तेच डोक्यात घेऊन फिरलो.

आठवडाभरात नऊ जणांची परिचयपत्रं आली. सगळी इंग्रजीत, आणि वाचताना वाटावं की नऊही माणसं एकाच साच्यातून ओतून काढली आहेत. प्रत्येक जण द्रष्टा, प्रत्येकाला आपल्या कामाची ‘पॅशन’, प्रत्येक जण उद्याचं जग घडवायला निघालेला. एकाच्या पत्रात सतरा पुरस्कारांची यादी होती आणि तो रोज सकाळी उठून नेमकं काय करतो, हे दुसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत होतं. धाकटी म्हणाली की हे मजकूर हल्ली माणसं लिहीत नाहीत, एआयला सांगून लिहून घेतात. थोरलीचं म्हणणं असं की आमच्या महाविद्यालयात प्रमुख पाहुण्यांची ओळख एआय यायच्या आधीपासून अशीच होते. व्यासंगी, अष्टपैलू, बहुआयामी. मधलं नाव बदललं की काम झालं.

मग आम्ही ती पत्रं बाजूला ठेवली आणि एकेकाला फोन लावला. तीन प्रश्न ठरवून घेतले. तुमचं नाव तुम्ही कसं उच्चारता? तुम्ही काय बोलणार आहात? आणि तुमच्याबद्दल काय सांगू नये? तिसऱ्या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक जण थोडा वेळ गप्प झाला. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलाच नव्हता.

नावाचं सांगायचं तर एक वक्ते केरळचे होते. त्यांच्या नावात एक अक्षर असं होतं की ते आपल्या ‘ळ’च्या शेजारी राहतं, पण ‘ळ’ नव्हे. त्यांनी फोनवर चार वेळा म्हणून दाखवलं. आम्ही स्वयंपाकघरात घोकत बसलो, तर भाचा विचारू लागला की तुम्ही काय गिळताय. आपल्या घरांतून नावांचं हे दुखणं जुनं आहे. शाळेच्या हजेरीत मुख्तारचा ‘मुक्तार’ होतो, खुर्शीदचा ‘कुर्शीद’ होतो, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा तसं छापून आलं की पासपोर्ट काढेपर्यंत माणूस प्रतिज्ञापत्रं करत फिरतो. ज्याचं नाव आयुष्यभर बिघडवलं गेलंय, त्यानं तरी दुसऱ्याचं नाव नीट घ्यावं.

‘तआरुफ’ हा शब्द आपण घरात सहज वापरतो. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत माणसांच्या कौमा आणि कबिले कशासाठी केले, हे सांगताना जे क्रियापद आलंय, ते याच धातूचं आहे. एकमेकांना ओळखावं म्हणून. त्याच आयतीत पुढं इज्जतीचं माप तकवा असल्याचं सांगितलंय, म्हणजे ओळखीसाठी दिलेल्या गोष्टीचा मोठेपणा मिरवायला उपयोग नाही. आणि त्याच सूरहमध्ये, दोन आयती आधी, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका असा हुकूम आहे. चुकीच्या उच्चाराला तो लागू होतो का, हे आलिमांनी सांगावं. आमचा तो अधिकार नाही. पण या तीन गोष्टी एकाच सूरहमध्ये इतक्या जवळ आल्या आहेत, हे निवेदनाच्या तयारीत बसल्यावर आमच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

नाव बिघडण्याची सगळ्यात मोठी गोष्ट तर या परिषदेत दर दहा मिनिटांनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येत होती. अल्गोरिदम. बगदादला खलीफा मामूनच्या काळात, म्हणजे नवव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, बैतुल हिकमतमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचे विद्वान होते. बीजगणितावरचा त्यांचा ग्रंथ ‘अल-जब्र’मुळे ओळखला जातो आणि इंग्रजीतला ‘अल्जिब्रा’ तिथूनच आला. हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करायचा, यावरही त्यांनी लिहिलं. तो मूळ अरबी ग्रंथ आज मिळत नाही, बाराव्या शतकातलं लॅटिन भाषांतर तेवढं उरलंय. त्या भाषांतरात त्यांच्या नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं, आणि पुढं लोक विसरले की हे माणसाचं नाव आहे. हिशेबाच्या रीतीलाच ते नाव चिकटलं. आपल्या मासिकांतून ही गोष्ट बऱ्याचदा छाती फुगवून सांगितली जाते. आम्हाला त्यातला वेगळाच भाग आवडतो. हे अंक हिंदचे आहेत, हे ख्वारिज्मींनी त्या ग्रंथात सांगितलं. लॅटिनमध्येही तो उल्लेख टिकला. दुसऱ्याच्या विद्येची ओळख त्यांनी मालकाच्या नावासकट करून दिली. त्यांच्या स्वतःच्या नावाचं जे झालं, ते झालं.

"काय बोलणार आहात?" या प्रश्नावर सगळ्यात छान उत्तर शिरोलीच्या एका तरुणाकडून आलं. त्याच्या परिचयपत्रात ‘औद्योगिक आंतरजाल समाधानांचा अग्रणी प्रवर्तक’ या अर्थाचं काहीतरी अगडबंब इंग्रजी होतं. फोनवर तो म्हणाला, "ताई, मी वाळूचा ओलावा मोजतो." फाउंड्रीत साचे वाळूचे असतात. वाळूत पाणी जास्त झालं तर वितळलेलं लोखंड ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कमी झालं तर साचा ढासळतो. दोन्हीकडून माल नापास. याचे वडील तिथेच मोल्डर होते. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, गोळा कसा फुटतो ते बघायचं आणि पाणी किती ते सांगायचं. तीस वर्षं त्यांच्या मुठीवर कारखाना चालला. मुलानं वाळूत खुपसायचा सेन्सर बनवला आणि त्याचे आकडे आधी वडिलांच्या मुठीशी ताडून पाहिले. वडील जेव्हा म्हणाले "आता बरोबर सांगतंय", तेव्हा त्यानं ते यंत्र बाजारात आणलं.

"वडिलांचं सांगितलेलं चालेल का?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "ते सांगितल्याशिवाय माझं भाषण कुणाला कळणारच नाही." आम्ही व्यासपीठावरून त्या मुठीबद्दलच सांगितलं. पुरस्कार एकही सांगितला नाही. सभागृहात फाउंड्रीवाले निम्मे होते. मुठीचं नाव निघताच पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कारखानदारानं नकळत आपली मूठ मिटली आणि उघडली.

स्तुतीच्या बाबतीत आपल्या दीनमध्ये जी ताकीद आहे, ती निवेदकांना फारशी सोयीची नाही. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग येतो की हजरत उस्मान (रजि.) यांच्यासमोर एक माणूस त्यांची तारीफ करू लागला, तेव्हा हजरत मिकदाद (रजि.) गुडघे टेकून बसले आणि त्याच्या तोंडावर खडे-माती फेकू लागले. विचारल्यावर त्यांनी सांगितलं की तोंडावर तारीफ करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर माती टाकावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आमच्या कोल्हापुरात तालमींना तोटा नाही, लाल माती हवी तेवढी मिळते. काही सत्कार समारंभांत आम्ही श्रोते म्हणून बसलो असताना ती आठवण आम्हाला आलेली आहे. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की तारीफ करायचीच असेल तर ‘माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे, खरा हिशेब अल्लाहकडे’ एवढंच म्हणावं. म्हणजे जितकं ठाऊक आहे तितकंच बोलावं.

या ‘जितकं ठाऊक तितकंच’चं तर आपल्याकडे एक अख्खं शास्त्र आहे, अस्माउर्रिजाल. हदीस कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी, म्हणजे सनद, तपासायची तर साखळीतल्या प्रत्येक माणसाची ओळख हवी. त्याचं नाव, गाव, उस्ताद कोण, शागिर्द कोण, कोणत्या सालाच्या आसपास वारला, स्मरणशक्ती कशी, म्हातारपणी गोंधळत होता का, खोटं बोलताना कधी सापडला का. हजारो माणसांचे असे परिचय विद्वानांनी लिहून ठेवले. मोजके शब्द ठरलेले असत. हा सिका, म्हणजे भरवशाचा. हा सदूक, म्हणजे सच्चा. हा जईफ, म्हणजे कच्चा. इब्न हजर अस्कलानी यांचा ‘तहजीबुत्तहजीब’ हा या विषयातला मोठा ग्रंथ बारा खंडांत आपल्या दख्खनमध्येच, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफनं, १९०७ ते १९०९ या काळात छापला. आणि इमाम जहबी यांनी कच्च्या रावींवरच्या आपल्या ग्रंथात एक नोंद केलीय, ती आमच्या घरातल्या मुलींना आम्ही मुद्दाम सांगतो. खोटेपणाचा आरोप होऊन जिची रिवायत टाकून दिली गेली, अशी एकही स्त्री आपल्याला माहीत नाही, असं ते म्हणतात.

हे सगळं आम्हाला आठवलं ते सातव्या वक्त्यांशी बोलताना. त्यांना आम्ही इथं मॅडमच म्हणू. बँकांच्या संगणकव्यवस्थेत कुठून चोर शिरू शकेल, हे चोराच्या आधी शोधायचं त्यांचं काम. बावीस वर्षं त्या तेच करत आल्यात. परिषदेत त्या ऑनलाइन फसवणुकीवर बोलणार होत्या. फोनवरच त्यांनी आम्हाला अर्धं भाषण ऐकवलं, कारण आम्ही प्रश्न विचारत सुटलो.

‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार चाललाय, त्याची सुरुवात ओळखीनंच होते, असं त्या म्हणाल्या. फोन येतो. समोरचा माणूस आपलं नाव, हुद्दा, खातं, ओळखपत्राचा नंबर घडाघडा सांगतो. व्हिडिओवर अंगात वर्दी असते, मागं कचेरी असते. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुमच्या आधारवर खातं उघडलंय, आता तुम्ही कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. आपल्या देशाच्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक असा प्रकारच नाही. पण एवढी भरजरी ओळख ऐकून शिकलेली माणसंही हबकतात आणि आयुष्याची पुंजी पाठवून देतात. मॅडम म्हणाल्या, "बेटा, खरा पोलीस स्वतःची ओळख एवढी रंगवून सांगत नाही. त्याला गरज नसते." असा फोन आला तर तो कापायचा, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवायचं. हे त्यांनी आमच्याकडून तिथल्या तिथं म्हणवून घेतलं. आपल्या वाचक भगिनींनीही तो नंबर फ्रिजवर लिहून ठेवावा.

मग त्यांनी उलटी बाजू सांगितली. आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा ब्राउझर तिला विचारतो की तू कोण आणि तुझ्यासाठी साक्ष कोण देतो? वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्यावर एका संस्थेची सही असते. त्या संस्थेची शहानिशा आणखी वरच्या संस्थेनं केलेली असते. असं करत साखळी अशा मोजक्या नावांपर्यंत जाते, जी आपल्या फोनमध्ये आधीपासूनच विश्वासू म्हणून नोंदलेली असतात. मधली एक कडी जरी बसली नाही, तरी ब्राउझर धोक्याची सूचना देतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या अशाच एका साक्ष देणाऱ्या संस्थेत चोर शिरले आणि तिच्या सहीनं गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली. हे उघड होताच ब्राउझर बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी तिचं नाव विश्वासूंच्या यादीतून काढलं, आणि त्याच वर्षी ती संस्था दिवाळ्यात गेली. धाकटीला हे तांत्रिक अंगानं ठाऊक होतं. थोरलीनं मात्र मध्येच विचारलं, "म्हणजे सनदच की हो?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मी हे नव्या मुलांना शिकवते तेव्हा सनदच सांगते. एक रावी मतरूक ठरला की त्याच्या सगळ्या रिवायती गेल्या."

त्यांना तिसरा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर तयार होतं. "मी मुसलमान आहे, बाई आहे, लहान गावातली आहे, डोक्यावर ओढणी घेते, यातलं काहीही सांगू नका. लोकांना डोळे आहेत. मी व्यासपीठावर गेले की पहिली पाच मिनिटं ते माझी ओढणीच बघतात. ती पाच मिनिटं मी सोडून देते. पण ओळख करून देणारा त्यावर बोलला की अर्धा तास जातो." एका ठिकाणी त्यांची ओळख ‘साऱ्या बेड्या तोडून’ वगैरे करून दिली होती. भाषण बँकेच्या सर्व्हरवर झालं आणि पहिला प्रश्न तलाकवर आला.

आम्ही शब्द दिला.

परिषदेच्या दिवशी, मॅडमची वेळ व्हायच्या दहा मिनिटं आधी, एका कार्यकर्त्यानं आमच्या हातात चिठ्ठी आणून दिली. त्यावर ओळख तयार होती. अल्पसंख्याक समाज, बुरख्याकडून कीबोर्डकडे, घर-संसार आणि दोन मुलं सांभाळून. माणूस वाईट नव्हता, उलट फार कौतुकानं लिहिलं होतं. "टाळ्या येतील बघा," असं म्हणाला. आम्ही त्याला सांगितलं की त्यांनी नको म्हटलंय. त्याला ते पटेना. "अहो, यात वाईट काय आहे? समाजापुढं आदर्श येतो."

घर-संसाराबद्दल आमच्याकडे एक तोड होती. फोन करताना आम्ही नऊही जणांना विचारलं होतं की घर कोण सांभाळतं. बंगळूरचे चिप डिझाइनवाले साहेब म्हणाले, "आई आणि बायको. मला सिलिंडर कधी संपतो तेही माहीत नसतं. हे सांगा ना स्टेजवरून!" सकाळी आम्ही ते सांगितलं होतं, आणि हशा पिकला होता. त्या कार्यकर्त्याला आम्ही म्हटलं, "आठ पुरुषांच्या ओळखीत घर फक्त एकाच्या आलं, तेही त्यानं मागितलं म्हणून. मॅडमनी मागितलं असतं तर त्यांचंही आलं असतं." चिठ्ठी आम्ही पर्समध्ये ठेवली.

व्यासपीठावरची ओळख माणसाचं काय करू शकते, याचा एक जुना दाखला धाकटीला तोंडपाठ आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनियाक’ या अवाढव्य संगणकाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तोफगोळा हवेतून जाऊन पडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात त्याच्या मार्गाचं गणित यंत्रानं करून दाखवलं. ते गणित यंत्रावर बसवलं होतं बेटी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी. के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन या आणखी चौघी त्यांच्याबरोबर त्या यंत्राच्या प्रोग्रॅमर होत्या. पाहुण्यांना त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. रात्री मेजवानी झाली, तिचं आमंत्रण त्यांना नव्हतं. चाळीस वर्षांनी कॅथी क्लाइमन नावाच्या एका विद्यार्थिनीनं यंत्राजवळ उभ्या असलेल्या बायकांचा फोटो पाहून चौकशी केली, तर तिला सांगण्यात आलं की यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. १९९७ साली त्या सहाजणींना ‘विमेन इन टेक्नॉलॉजी’च्या सन्मानयादीत एकत्र घेतलं, तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती. त्या बायकांच्या बाबतीत काम सांगायचं राहिलं. मॅडमच्या चिठ्ठीतही तेच राहिलं होतं. बाकी सगळं होतं.

आम्ही मॅडमचं नाव घेतलं. त्या बावीस वर्षं काय शोधतात ते एका वाक्यात सांगितलं. आज त्यांचं ऐकून घरी गेल्यावर आई-वडिलांना एक नंबर सांगायचा आहे, तेव्हा पेन काढून ठेवा, एवढं म्हणून खाली बसलो. सत्तर सेकंद झाली असतील. टाळ्या बेताच्याच पडल्या. पण पेनं निघाली.

भाषणानंतर प्रश्न सुरू झाले. शेवटच्या तीन रांगांत उर्दू हायस्कूलच्या आणि पॉलिटेक्निकच्या मुली बसल्या होत्या, शिक्षिका त्यांना बसमधून घेऊन आल्या होत्या. बराच वेळ त्यांच्यातून हात वर आला नाही. मग एक काटकुळी मुलगी उठली आणि माइक नको म्हणत तिथूनच बोलली, "मॅडम, तुमची शाळा कोणत्या मीडियमची होती?" मॅडम म्हणाल्या, "उर्दू. सातवीपर्यंत नगरपालिकेची शाळा. इंग्रजी बोलायला पॉलिटेक्निकमध्ये शिकले, तेही मोडकंतोडकं." मागच्या तीन रांगांत एकदम कुजबुज झाली. पुढचे पाच प्रश्न तिथूनच आले, आणि त्यातले चार सर्व्हरचे होते.

या ठिकाणी आम्हा दोघींचं अजून जमत नाही. थोरली म्हणते, ज्याची त्यानं सांगायची गोष्ट ज्यानं त्यानंच सांगितली, ते योग्य झालं. शब्द दिला होता. धाकटी शब्दाबद्दल वाद घालत नाही, पण तिला ती काटकुळी मुलगी सतावते. ती उठली म्हणून बरं. नसती उठली तर? तीन रांगा मुली, मॅडम आपल्यासारख्याच शाळेत होत्या हे न कळताच बसमध्ये बसून परत गेल्या असत्या. आम्ही पोर्चमध्ये यावरून भांडत होतो तेव्हा मॅडम चहा घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलींच्या शाळेत बोलवा, तिथं माझ्या शाळेपासूनच सुरू करते. इथं चारशे माणसांत मला आधी माझं काम ठेवायचं होतं." धाकटीचं समाधान झालं नाही. पण तिनं लगेच त्या शिक्षिकांना गाठून त्यांचा नंबर घेतला.

पुढच्या जुम्याला शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेल्या दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगकडे अब्बांचं काही काम होतं. तिथं त्यांना ओळखीचे एक बुजुर्ग भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या पोरींच्या त्या परिषदेत आपले किती होते?" अब्बांनी घरी येऊन आम्हाला विचारलं. आम्ही मोजलंच नव्हतं. मोजल्यावर नऊत दोन निघाले. अब्बा म्हणाले, मी त्यांना अमळनेरची गोष्ट सांगून आलो. १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला मोहम्मद हाशिम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा अझीम एकवीस वर्षांचा होता, अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला. तोच कारखाना पुढं विप्रो झाला. "त्या वेळी अमळनेरात कुणी विचारलं असतं की हे कोण, तर तेलवाले असंच सांगितलं असतं," अब्बा म्हणाले. बुजुर्गांचं यावर काय म्हणणं पडलं, ते अब्बांनी सांगितलं नाही. दोघं तासभर बोलत होते एवढं कळलं.

आयोजकांचा परवा फोन आला, पुढच्या वर्षीही तुम्हीच या म्हणून. आम्ही एवढंच कळवलंय की वक्त्यांचे फोन नंबर महिनाभर आधी मिळावेत आणि आयत्या वेळी चिठ्ठी देऊ नये. उर्दू हायस्कूलमध्ये मॅडम येत्या महिन्यात येणार आहेत. त्यांची ओळख त्या काटकुळ्या मुलीनं करून द्यायची असं शिक्षिकांनी ठरवलंय; तिनं आमच्याकडून तीन प्रश्न लिहून नेलेत, आणि चौथा स्वतःचा घातलाय, तो काय ते सांगायला तयार नाही.